रविवारी चर्चला या, पुढचं विचारत नाही: पहिल्या एलिझाबेथच्या राज्यातला धर्म

इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हन परगण्यात मोरबाथ नावाचं एक लहानसं खेडं आहे. तिथे 1520 ते 1574 अशी चौपन्न वर्षं एकच पाद्री होता, क्रिस्टोफर ट्रिकी. तो गावात आला तेव्हा मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये व्हायची, संतांच्या मूर्तींपुढे मेणबत्त्या तेवायच्या आणि सगळ्यांच्या वर रोमचा पोप होता. मग आठव्या हेन्रीने पोपशी संबंध तोडले. त्याचा मुलगा सहावा एडवर्ड गादीवर आला आणि मूर्ती गेल्या, लॅटिन गेली, मिस्साही गेली. एडवर्डची कॅथलिक सावत्र बहीण मेरी राणी झाली तेव्हा सगळं परत आलं. एलिझाबेथ आली आणि ते पुन्हा गेलं. 1547 ते 1559 या बारा वर्षांत देशाचा धर्म तीनदा बदलला. ट्रिकी मात्र त्याच चर्चमध्ये, त्याच लोकांपुढे उभा होता. गावाचे जमाखर्च तो स्वतः लिहून ठेवत असे, म्हणून हे आपल्याला कळतं. अंत्यविधीच्या मिस्सेसाठी काळी वस्त्रं घ्यायची म्हणून या गावाने वीसेक वर्षं पै-पै जमवली होती. ती वस्त्रं हाती आली तोवर हेन्री वारला आणि थोड्याच दिवसांत ती घालायची सोयच उरली नाही.

एलिझाबेथच्या काळाबद्दल वाचताना आपण आरमार, दरबार, रत्नजडित झगे आणि शेक्सपियर यांत रमतो. माझ्या मते त्या राज्याची खरी किल्ली अशा गावच्या चर्चमध्ये आहे. तिथे दर रविवारी कोण आलं, कोण आलं नाही, आणि सरकारला त्याचं काय पडलं होतं, एवढं समजलं की तो काळ बराचसा उलगडतो.

आधी भांडण काय होतं ते पाहू. कॅथलिक श्रद्धेनुसार मिस्सेत पाद्री ठरावीक शब्द उच्चारतो तेव्हा भाकर आणि द्राक्षारस खरोखरच ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात. प्रोटेस्टंटांना हे मान्य नव्हतं. त्यांच्यातल्या कडव्या मंडळींच्या मते ती भाकर भाकरच राहते आणि ख्रिस्ताच्या बलिदानाची आठवण म्हणून ती खायची. यातूनच बाकीचे वाद फुटतात. पाद्री देव आणि माणूस यांच्यामधला दुवा आहे की फक्त शिकवणारा? मेलेल्यांसाठी प्रार्थना करून काही उपयोग होतो का? शेवटचा शब्द पोपचा की बायबलचा? आज हे वाद बारीकसारीक वाटतील. पण त्या माणसांच्या दृष्टीने चुकीचं उत्तर म्हणजे कायमचा नरक होता, आणि एका राज्यात दोन धर्म नांदू शकतात ही कल्पना युरोपात फारच थोड्यांना पटत होती. राजाचा धर्म तोच प्रजेचा, नाहीतर यादवी, असा सर्वसाधारण समज होता.

मेरीने तो समज शेवटपर्यंत ताणला. चार वर्षांहून कमी काळात सुमारे 280 प्रोटेस्टंटांना जिवंत जाळलं गेलं. त्यात कॅन्टरबरीचा आर्चबिशप क्रॅनमर होता, तसेच साधे विणकर आणि बायकाही होत्या. 17 नोव्हेंबर 1558 ला मेरी वारली आणि पंचवीस वर्षांची एलिझाबेथ राणी झाली.

एलिझाबेथची आई ॲन बोलिन. तिच्याशी लग्न करण्यासाठीच हेन्रीने पोपशी फारकत घेतली होती. पोपच्या लेखी ते लग्नच नव्हतं, म्हणजे एलिझाबेथ अनौरस, म्हणजे गादीवर तिचा हक्क नाही. तिची स्वतःची श्रद्धा प्रोटेस्टंट होती हे खरंच, पण रोमचं वर्चस्व मान्य करणं म्हणजे स्वतःच्याच हक्कावर पाणी सोडणं होतं. दुसरीकडे खेड्यापाड्यांतली बहुसंख्य जनता जुन्या वळणाची होती, तिजोरीवर कर्ज होतं आणि त्याच वर्षी फ्रान्समधलं शेवटचं ठाणं, कॅले, हातचं गेलं होतं. अशा वेळी धर्माचा निर्णय घ्यायचा होता.

1559 च्या संसदेत तो झाला. एका कायद्याने राणी इंग्लंडच्या चर्चची प्रमुख झाली. बापाने घेतलेली मस्तक ही पदवी मात्र तिने घेतली नाही, सर्वोच्च शासक एवढंच म्हणवून घेतलं. चर्चचं मस्तक ख्रिस्त असतो आणि बाईमाणूस तर मुळीच नसावं, असं मानणारे दोन्ही बाजूंना होते. दुसऱ्या कायद्याने सगळीकडे एकच इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचं केलं. उमरावांच्या सभागृहात तो अवघ्या तीन मतांनी मंजूर झाला. त्याआधीच दोन विरोधी बिशपांची रवानगी लंडनच्या टॉवर या किल्ल्यातल्या तुरुंगात झाली होती, हे लक्षात घेतलं की या तीन मतांची किंमत कळते. मेरीच्या वेळच्या बिशपांपैकी एक सोडून सगळ्यांनी राणीच्या अधिकाराची शपथ घ्यायला नकार दिला आणि पदं गमावली. गावोगावचे पाद्री मात्र बहुतेक जागेवरच राहिले, ट्रिकीसारखे.

त्या पुस्तकातली एक जागा जवळून पाहण्यासारखी आहे. भाकर हातात देताना पाद्रीने काय म्हणायचं? एडवर्डच्या काळात दोन पुस्तकं निघाली होती. 1549 च्या पुस्तकात शब्द होते ते साधारण असे: तुझ्यासाठी दिलेलं प्रभू येशू ख्रिस्ताचं शरीर तुझं शरीर आणि आत्मा यांचं रक्षण करो. ऐकणारा कॅथलिक असेल तर त्याला यात आपलं सगळं सापडायचं. 1552 च्या कडक पुस्तकाने ते वाक्य काढलं आणि दुसरं घातलं: ख्रिस्त तुझ्यासाठी मेला याच्या स्मरणार्थ हे घे आणि खा. म्हणजे फक्त आठवण. 1559 च्या पुस्तकाने दोन्ही वाक्यं एकापाठोपाठ एक ठेवली. गुडघे टेकून बसलेल्या माणसाने त्यातलं जे पटेल ते मनात धरायचं. शिवाय पोपच्या जुलमापासून आमची सुटका कर अशी जी ओळ प्रार्थनेत होती, ती गुपचूप गाळली.

हा केवळ शब्दांचा खेळ होता असं मला वाटत नाही. शेजारीशेजारी बसलेल्या दोन माणसांनी एकमेकांना न जाळता एकाच चर्चमध्ये यावं, यासाठी ती जागा मुद्दाम मोकळी ठेवली होती.

बारा पेन्सांचा दंड

कायद्याने प्रत्येकाला रविवारी आणि सणाच्या दिवशी आपापल्या पॅरिशच्या, म्हणजे गावच्या धर्मविभागाच्या, चर्चला जाणं बंधनकारक होतं. गैरहजर राहिलं तर प्रत्येक वेळी बारा पेन्स दंड, आणि तो पैसा त्याच पॅरिशच्या गरिबांसाठी. मजुराच्या दिवसभराच्या कमाईपेक्षा ही रक्कम जास्त होती. वसुली करायची गावातल्याच निवडलेल्या चर्च-वॉर्डनांनी, म्हणजे शेजाऱ्यानेच शेजाऱ्याचं नाव लिहायचं. साहजिकच अनेक ठिकाणी वॉर्डन काणाडोळा करत.

चर्चला गेल्यावर मनात काय आहे हे सामान्य माणसाला कोणी विचारत नव्हतं. शपथ घ्यावी लागे ती पाद्री आणि सरकारी अधिकाऱ्यांना. माणसांच्या हृदयात डोकावायला खिडक्या करणं राणीला आवडत नाही, हे प्रसिद्ध वाक्य पुष्कळदा एलिझाबेथच्याच तोंडी घातलं जातं. ते आहे फ्रान्सिस बेकनचं, पण वर्णन नेमकं आहे.

स्ट्रॅटफर्डमधलं उदाहरण घ्या. तिथल्या गिल्ड चॅपलच्या भिंतींवर जुनी धार्मिक चित्रं होती. 1563-64 च्या नगराच्या हिशेबात चॅपलमधल्या प्रतिमा विद्रूप करण्याचे दोन शिलिंग लागले आहेत. त्या वर्षी हिशेब पाहणाऱ्यांत जॉन शेक्सपियर होता, त्याच वसंतात जन्मलेल्या विल्यमचा बाप. पण चित्रं खरवडून काढण्याऐवजी बहुतेक ठिकाणी वरून चुना फासला गेला. 1804 मध्ये चुन्याखालून ती परत दिसली. राजवट आणखी एकदा फिरली तर उपयोगी पडतील असा विचार कुणाच्या मनात होता का, हे हिशेबाच्या वहीत लिहिलेलं नसतं. पण तीनदा धर्म बदललेला पाहिलेल्या माणसाने असा विचार केला तर त्यात नवल नाही.

राणीच्या स्वतःच्या चॅपलमध्ये चांदीचा क्रूस आणि मेणबत्त्या होत्या, आणि कडव्या प्रोटेस्टंटांना ते मूर्तिपूजेसारखंच वाटे. त्याच चॅपलचा थोर संगीतकार विल्यम बर्ड कॅथलिक होता. चर्चला न गेल्याबद्दल त्याच्या घरावर तक्रारी झाल्या. 1590 च्या दशकात त्याने लॅटिन मिस्सेचं संगीत छापलं तेही मुखपृष्ठाशिवाय. राणीने त्याला धक्का लावू दिला नाही.

अर्धवट सुधारणा कुणालाच पुरत नव्हती. ज्यांना पुढे प्युरिटन नाव पडलं त्या मंडळींना पाद्रीचा पांढरा झगासुद्धा पोपची उरलेली खूण वाटे. 1566 मध्ये झगा घालायला नकार देणारे लंडनचे अनेक पाद्री निलंबित झाले. दहा वर्षांनी खुद्द आर्चबिशप ग्रिंडलशी राणीचं वाजलं. पाद्री एकत्र जमून बायबलवर प्रवचनं करत, त्यातून त्यांचं शिक्षण होई. राणीला त्यात राजकारणाचा वास आला. एका परगण्याला तीन-चार प्रवचनकार पुरेत असं तिचं मत होतं. या सभा बंद कर असा हुकूम आला तेव्हा ग्रिंडलने लांबलचक पत्र लिहिलं आणि राणीला आठवण करून दिली की आपण मर्त्य आहात. ग्रिंडलचे अधिकार काढून घेतले गेले आणि 1583 मध्ये तो वारला तोवर तो नावापुरताच आर्चबिशप होता. या प्रकरणात मी ग्रिंडलच्या बाजूचा आहे. राणीला शांतता हवी होती, पण शिकलेल्या पाद्रीची भीती बाळगून तिने आपल्याच चर्चचं नुकसान केलं.

लग्न हा धर्माचाच प्रश्न

राणीने लग्न करावं म्हणून संसद 1559 पासून मागे लागली होती. वारस नाही तर पुढे कोण, हा प्रश्न होता, आणि वारसाहक्काने सर्वांत जवळची होती स्कॉटलंडची मेरी, पक्की कॅथलिक. मात्र नवरा परदेशी कॅथलिक निवडला तर स्पेनच्या राजपुत्राशी लग्न केलेल्या पहिल्या मेरीसारखं पुन्हा होईल ही धास्ती, आणि देशातल्याच उमरावाला निवडलं तर बाकीचे उमराव बिथरणार.

1579 मध्ये फ्रेंच राजाच्या भावाशी लग्न जवळजवळ ठरत आलं. जॉन स्टब्स नावाच्या प्युरिटन वकिलाने त्याविरुद्ध पुस्तिका छापली. त्याला शिक्षा झाली उजवा हात तोडण्याची. वेस्टमिन्स्टरमध्ये जमलेल्या लोकांसमोर हात तुटल्यावर त्याने डाव्या हाताने टोपी काढली, राणीला देव सुखी ठेवो असं ओरडला आणि बेशुद्ध पडला. गर्दी गप्प होती असं पाहणाऱ्याने लिहून ठेवलं आहे. लग्न पुढे बारगळलंच. या एका माणसात तो काळ सापडतो. धर्मासाठी राणीच्या निर्णयाला विरोध करायचा आणि राणीशी निष्ठाही सोडायची नाही, हे दोन्ही तो मनापासून करत होता.

1570 नंतर

पहिली दहा वर्षं कॅथलिकांसाठी त्यामानाने सुसह्य गेली. बरेच जण चर्चला येत, मागच्या बाकावर बसत आणि घरी जपमाळ ओढत. 1568 मध्ये स्कॉटलंडची मेरी गादी गमावून इंग्लंडमध्ये आश्रयाला आली आणि नजरकैदेत पडली. 1569 च्या अखेरीस उत्तरेकडच्या दोन अर्लांनी बंड केलं. डरमच्या कॅथेड्रलमध्ये शिरून बंडवाल्यांनी इंग्रजी बायबल आणि प्रार्थनापुस्तकं फाडली आणि मिस्सा म्हटली. बंड मोडलं आणि शेकडो गरीब लोक फासावर गेले.

मग फेब्रुवारी 1570 मध्ये पोप पाचव्या पायसने फतवा काढला. एलिझाबेथ पाखंडी आहे, राणी असल्याचा तिचा दावा खोटा आहे, प्रजेने तिची आज्ञा पाळू नये, पाळेल तोही बहिष्कृत. इंग्रज कॅथलिकांवर याहून मोठं संकट त्यांच्या शत्रूंनाही आणता आलं नसतं. काल जो फक्त जुन्या वळणाचा शेजारी होता तो कायद्याच्या नजरेत आज संभाव्य राजद्रोही झाला. 1580 मध्ये पुढच्या पोपने सवलत दिली की सद्यपरिस्थितीत कॅथलिकांनी राणीला मानायला हरकत नाही. राणीच्या मंत्र्यांना त्यातला सद्यपरिस्थितीत हा शब्द तेवढा ऐकू आला.

तरीही 1571 मध्ये राणीने जे केलं ते मला विलक्षण वाटतं. फतव्यानंतर खवळलेल्या संसदेने विधेयक मंजूर केलं: नुसतं चर्चला येणं पुरे नाही, प्रत्येकाने तिथली भाकर घेतलीच पाहिजे. कॅथलिक माणूस बाकावर बसून राहू शकत होता, पण ती भाकर तोंडात घालणं म्हणजे त्याच्या दृष्टीने धर्मच सोडणं. बिशपांचा या विधेयकाला पाठिंबा होता, दोन्ही सभागृहं तयार होती. एलिझाबेथने संमती नाकारली. ज्या ठिकाणी श्रद्धा खरोखर उघडी पडते, तिथे तिने कायद्याला जाऊ दिलं नाही.

बाकी बाबतींत मात्र फास आवळत गेला. इंग्रज तरुण फ्लँडर्समधल्या दूए इथे आणि रोममध्ये पाद्री होऊन चोरून परत येत. 1580 मध्ये जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री आले. त्यांच्यातला एडमंड कॅम्पियन एकेकाळी ऑक्सफर्डमध्ये राणीसमोर बोललेला आणि तिची शाबासकी मिळवलेला विद्वान. 1581 च्या जुलैमध्ये तो पकडला गेला, टॉवरमध्ये त्याचा छळ झाला आणि डिसेंबरमध्ये टायबर्न इथे त्याला देहान्त शिक्षा झाली. वधस्थानी त्याने राणीसाठी प्रार्थना केली. कोणत्या राणीसाठी, असं विचारल्यावर म्हणाला, एलिझाबेथसाठी. सरकारचं म्हणणं होतं की शिक्षा राजद्रोहाची आहे, धर्माची नाही. मरणारा म्हणत होता की माझा अपराध फक्त धर्म आहे. पोपच्या फतव्यामुळे या दोन गोष्टी वेगळ्या करणं कुणालाही शक्य उरलं नव्हतं.

त्याच वर्षी चर्चला न येण्याचा दंड महिन्याला वीस पौंड झाला. गावच्या कित्येक पाद्र्यांची वर्षाची कमाईही तेवढी नव्हती. 1585 च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेल्या पाद्रीने देशात पाऊल ठेवणं हाच राजद्रोह ठरला आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड. राज्य संपेपर्यंत शंभराहून जास्त पाद्री मारले गेले.

यॉर्कमधल्या एका खाटकाची बायको, मार्गारेट क्लिदरो, हिची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नवरा चर्चला जाई, ती जात नसे, आणि तिचे दंड नवरा भरे. ही रीत घरोघर होती. लग्न झालेल्या बाईच्या नावावर मालमत्ताच नसे, तर दंड वसूल करणार कुणाकडून? नवऱ्याने हजेरी लावून घर-शेत राखायचं आणि बायकोने जुना धर्म जपायचा. मिस्सेची भांडी लपवणं, पाद्रीला भिंतीतल्या गुप्त खोलीत ठेवणं, मुलांना प्रार्थना शिकवणं ही सगळी जोखीम बायकांनी उचलली. मार्च 1586 मध्ये क्लिदरोंच्या घराची झडती झाली. तिने न्यायालयात गुन्हा कबूलही केला नाही आणि नाकारलाही नाही, कारण खटला उभा राहिला तर तिच्या मुलांना आईविरुद्ध साक्ष द्यावी लागली असती. जबाब न देणाऱ्याची शिक्षा ठरलेली होती. 25 मार्चला तिला अंगावर दार ठेवून, त्यावर वजनं रचून चिरडून मारलं.

या हद्दपार, लपलेल्या, परागंदा माणसांपैकी एक जण आपल्याकडे आला. विल्टशरचा थॉमस स्टीफन्स रोमला जाऊन 1575 मध्ये जेझुइट झाला आणि 1579 मध्ये गोव्यात उतरला. इंग्लंडमध्ये त्याच्या वाट्याला कॅम्पियनचंच भवितव्य येऊ शकलं असतं. इथे तो साष्टीत चाळीस वर्षं राहिला आणि त्याने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण रचलं. 1616 मध्ये ते छापलं गेलं. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या आपल्याला शाळेपासून पाठ असतात. ज्या राज्यात त्याच्या धर्माला जागा नव्हती, तिथल्या माणसांशी त्याने वैर धरलं नाही. अकबरासाठी एलिझाबेथचं पत्र घेऊन निघालेले जॉन न्यूबेरी आणि राल्फ फिच हे व्यापारी 1583 मध्ये पोर्तुगीजांच्या हाती लागून गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी धडपडणाऱ्यांत स्टीफन्स होता. फिच पुढे घरी पोचला आणि 31 डिसेंबर 1600 ला राणीची सनद मिळालेल्या ईस्ट इंडिया कंपनीने त्याचा सल्ला घेतला.

स्कॉटलंडच्या मेरीचं काय झालं ते थोडक्यात सांगतो, ते सर्वांना माहीत आहे. एकोणीस वर्षं कैद, एकामागून एक कट, शेवटी बिअरच्या पिंपातून ये-जा करणारी सांकेतिक पत्रं राणीचा मंत्री वॉलसिंगहॅम याच्या माणसांनी वाचली, आणि 8 फेब्रुवारी 1587 ला शिरच्छेद. वर्षभराने स्पेनचं आरमार आलं. तेव्हा इंग्लंडमधले कॅथलिक उठले नाहीत. सरकार त्यांच्याबद्दल वीस वर्षं जी भीती बाळगत होतं, तिची परीक्षा झाली आणि ती फोल निघाली. कायदे मात्र सैल झाले नाहीत.

पॅरिशकडे परत वळू, कारण सामान्य माणसाच्या आयुष्यात खरा बदल तिथे झाला. हेन्रीने मठ बंद केल्यावर भुकेल्यांना दारात भाकरी देणारी जुनी व्यवस्था मोडली होती. लोकसंख्या वाढत होती, धान्य महागत होतं. 1594 पासून लागोपाठ चार हंगाम बुडाले, उत्तरेत माणसं उपाशी मेली. 1598 आणि 1601 च्या कायद्यांनी प्रत्येक पॅरिशवर आपल्या गरिबांची जबाबदारी टाकली. ऐपतीप्रमाणे सक्तीचा कर, म्हाताऱ्यांना आणि अपंगांना मदत, धडधाकटांना काम, अनाथ मुलांना कुणाच्या तरी हाताखाली शिकायला ठेवणं. भटक्यांना मात्र रक्त येईपर्यंत फटके मारून जन्मगावी हाकलत. हे पाहायला जे देखरेखदार नेमले त्यांच्यात चर्च-वॉर्डन होतेच, रविवारची हजेरी घेणारे तेच. कोण चर्चला येत नाही आणि कोणाच्या घरी चूल पेटत नाही, दोन्हीची नोंद एकाच माणसाकडे. कायद्याची ही चौकट 1834 पर्यंत टिकली. पोटासाठी पॅरिशवर अवलंबून असलेल्या माणसाने कोणता धर्म धरला असेल, हे सांगायला धर्मशास्त्र लागत नाही. मेरीच्या काळची मिस्सा आठवणारी पिढीही एव्हाना संपत आली होती.

24 मार्च 1603 ला एलिझाबेथ वारली आणि स्कॉटलंडच्या मेरीचाच मुलगा जेम्स गादीवर आला. लंडनच्या वाटेवरच प्युरिटनांनी त्याच्या हाती अर्ज दिला. कॅथलिकांनाही त्याच्याकडून सुटकेची आशा होती. दोघांचीही निराशा झाली, आणि कॅथलिकांपैकी काही जणांनी नोव्हेंबर 1605 मध्ये संसदेखाली दारूगोळा भरला. तो बेत फसल्यावर 1606 च्या संसदेने नवा कायदा केला. कॅथलिक म्हणून दोषी ठरलेल्या आणि नंतर चर्चला येऊ लागलेल्या माणसाने वर्षातून एकदा तरी तिथली भाकर घेतलीच पाहिजे, नाहीतर पहिल्या वर्षी वीस पौंड, दुसऱ्या वर्षी चाळीस, पुढे साठ. एलिझाबेथने पस्तीस वर्षांपूर्वी नाकारलेली अट जेम्सने सही करून मान्य केली.